सोळा कोरे फर्मे

३ फेब्रुवारी, सोमवार

जानेवारीत इथे सात ओळी लिहिल्या आहेत, त्यांतल्या तीन गॅसच्या नंबराविषयी. घरी येईपर्यंत मान धरते आणि लिहायचं राहून जातं. आता रोज चार ओळी तरी लिहायच्या.

बाइंडिंगच्या कारखान्यात लागून मला तीन महिने झाले. हे गेले त्याला चौदा. यांच्या जागी घरातल्या एकाला घ्यायचं ठरलं होतं, आणि घरात मी एकटीच. यांचं कटिंग मशीन मला कोण देणार? मला तपासणीच्या टेबलावर बसवलं. तयार पुस्तक उचलायचं, अंगठ्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं सोडायची, चूक दिसली तर बाजूला काढायचं. दिवसाला आठशे पुस्तकं.

सोळा पानांची छापील घडी म्हणजे एक फर्मा. असे दहा-वीस फर्मे जुळणीच्या टेबलावरच्या बायका क्रमाने लावतात, मग शिवण, मग कटिंग, की झालं पुस्तक. चुकांना इथे नावं आहेत. तोच फर्मा दोनदा लागला तर ‘सवत’. शिवणीतून सुटून आला तर ‘पळून गेलेली’. कटिंगच्या पात्याची धार गेली की ‘म्हातारी झाली’. आणि छपाईतूनच एखादा फर्मा पांढरा आला, सोळाच्या सोळा पानं रिकामी, तर ‘वांझ’. पहिल्या दिवशी ‘सवत’ ऐकून मला हसू आलं होतं. खरंच आलं होतं, खोटं कशाला लिहू?

मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही. म्हणून चूक सापडली की तपासणीवालीने जागेवरून ओरडायचं, आधी चुकीचं नाव, मग फर्म्याचा नंबर. “सवत! नववा!” की जुळणीच्या बायका हात थांबवून आपापली थप्पी बघतात. माझा आवाज लहान. सुपरवायझर म्हणाले, “वहिनी, पोटातून ओरडा. मास्तरांच्या घरच्या तुम्ही, आणि आवाज असा?”

यांना तिथे सगळे मास्तर म्हणायचे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

‘वांझ’ ओरडायला पहिल्या दिवशी जमलं नव्हतं. तोंड उघडलं आणि नुसता नंबर बाहेर पडला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दुसऱ्या दिवशी हळू म्हटलं. चौथ्या दिवसापासून काही वाटेनासं झालं. दिवसातून दहा-बारा वेळा ओरडते. कामाचा शब्द आहे, त्याला काय धरून बसायचं.

आज पात्याची धार गेली, तेव्हा सुपरवायझर जुळणीच्या मावशींना म्हणाले, “काय मावशी, पातं तुमच्याच वयाचं दिसतंय. बदलायचं का दोघींना?” मावशी हसल्या. त्या तीस वर्षं हसताहेत. फोल्डिंगवाल्याचा हात मागे पडला तर त्याला म्हणाले, “बांगड्या भरल्यात का?” तोही हसला. पुरुषाचा अपमान करायचा तर त्याला बाई म्हणायचं, आणि तेही बारा बायकांच्या समोर, आणि त्या बाराजणी खाली मान घालून फर्मे लावतात. मला मात्र कोणी काही बोलत नाही. मला वहिनी म्हणतात, चहा पहिला देतात. यांची पुण्याई.

सगळे सांगतात, मास्तर फार मजेदार बोलायचे, हॉल दणाणून सोडायचे. मला हे ऐकायला आवडतं आणि थोडं लागतंही. घरी हे कमी बोलायचे. सगळी मजा तिथेच खर्च करून येत असणार.

९ फेब्रुवारी, रविवार

आज कपाट पुसलं. यांनी बांधलेल्या सोळा वह्या ओळीने आहेत, ही सतरावी टेबलावर. शेवटची. गेल्या वर्षी तिच्यात एक अक्षर लिहवलं नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाचन यांनी आणलेल्या खराब पुस्तकांवर झालं. फेकून द्यायच्या प्रती आणायचे. त्यामुळे माझ्या निम्म्या कादंबऱ्यांना शेवट नाही. शेवटचा फर्मा नसला की जेवताना आम्ही दोघं शेवट ठरवायचो. माझ्या शेवटात कोणीतरी मरायचं नाही तर निघून जायचं. हे सगळ्यांना घरी आणायचे. कितीही वाईट वागलेला माणूस असो, यांच्या शेवटात तो घराच्या पायरीवर येऊन चपला काढायचा.

वह्यांची गोष्ट लिहून ठेवते. दवाखान्यातून शेवटचा निकाल घेऊन आलो, मूल होणार नाही, दोष माझ्यात आहे, त्याला अठरा वर्षं झाली. त्याच आठवड्यात यांनी पहिली वही आणली. सोळा कोरे फर्मे शिवलेले, पाठीला निळं कापड. म्हणाले, “लिही काहीतरी. वेळ जाईल.” त्यानंतर त्या विषयावर यांच्या तोंडून एक शब्द आला नाही. नणंद बोलली, शेजारणी बोलल्या, माझी स्वतःची आई बोलली. हे कधी नाही. दर वर्षी फक्त एक वही. इतकं न बोलणारा माणूस मिळायला नशीब लागतं, असं मी किती वेळा लिहिलं असेल या वह्यांमध्ये.

११ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटी आज कामावर आली. जुळणीत सगळ्यांत शेवटी लागलेली, म्हणून तिला धाकटी म्हणतात. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. आठ दिवस रजेवर होती. जेवायच्या सुट्टीत मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “पोट पडलं तिचं. चौथा महिना होता. कुणाला बोलू नका.” पण एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं, कारण रजेचा अर्ज सुपरवायझरकडून जातो.

तिने डबा उघडला आणि तसाच बंद केला. मी माझ्यातला केळ्याचा अर्धा तुकडा पुढे केला. तिने घेतला, खाल्ला नाही, हातात धरून बसली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज वाईट झालं.

दुपारी तपासणीतून हाक गेली, वांझ, चौथा. चौथा फर्मा धाकटीच्या हाताखाली होता. सुपरवायझर ते पुस्तक घेऊन तिच्या टेबलापाशी गेले. कोरी पानं तिच्या तोंडासमोर फडफडवली आणि म्हणाले, “घरी पण हेच, इथे पण हेच? एखादी गोष्ट तरी भरलेली येऊ दे.” कटिंगवाले हसले. दोघी-तिघी बायकासुद्धा हसल्या, सवयीने.

धाकटीने खळीचा डबा उचलला आणि फेकला. डबा पत्र्याचा. त्यांच्या कपाळाला लागला, खळ शर्टावरून खाली ओघळली. ते ओरडले, “डोकं फिरलंय का हिचं? कामाचा शब्द आहे!” धाकटी हातातली खळ पदराला पुसत उभी राहिली.

चार वाजता तिला घरी पाठवलं. चौकशी होईपर्यंत यायचं नाही. मारहाणीला इथे एकच शिक्षा आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

परवाचं पुन्हा वाचलं. ‘तपासणीतून हाक गेली’ असं लिहिलंय. तपासणीत बसतं कोण? मीच ना. हाक मी दिली. चांगली पोटातून दिली. आदल्या दिवशी मावशींनी सांगितलेलं माझ्या कानात होतं, धाकटी दहा हातांवर बसलेली मला दिसत होती, आणि तरी माझं तोंड आपोआप उघडलं. मला मूल नाही. तो शब्द काय करतो हे त्या हॉलमध्ये माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

स्वतःच्याच वहीत मी स्वतःला लपवते, म्हणजे कमाल झाली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मॅनेजरांनी बोलावलं. खुर्ची दिली. सुपरवायझर तिथेच होते, कपाळावर पट्टी.

मॅनेजर म्हणाले, “गुरुवारी सत्तावीसला चौकशी आहे. हेड ऑफिसातून एक बाई येणार आहेत. तुम्ही फक्त खरं ते सांगायचं. तो शब्द इथे वर्षानुवर्षं वापरात आहे, सगळे वापरतात, तुम्हीही वापरता. कुणाला उद्देशून नसतो. बस.”

“आणि तिची नोकरी?”

“ते आम्ही बघू.”

सुपरवायझर मला दारापर्यंत सोडायला आले. “वहिनी, तुम्ही घरच्या आहात म्हणून सांगतो. तुमचं कायम होण्याचं पत्र माझ्याकडूनच वर जायचंय. आणि मी काय नवीन बोललो? मास्तरांकडूनच शिकलो सगळं.”

कटिंगचं काम शिकल्याचं म्हणत असतील.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कामावरून परस्पर धाकटीकडे गेले. तिसरा मजला, जिन्यात सायकल आडवी, ती ओलांडून जावं लागतं. सासूबाईंनी दार उघडलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. मग आतून भांडी जरा जास्तच आदळायला लागली.

मी म्हटलं, “हाक मी दिली होती. ते सांगायला आले.”

“माहितीये. तुमचा आवाज ओळखते ना मी.”

“माफ कर.”

“तुमचा राग नाही आला, वहिनी.” ती हळू बोलत होती, आतल्या कानांसाठी. “डबा फेकला तेव्हा त्याचाही नव्हता आला धड. सासूबाईंनी अजून तो शब्द काढला नाहीये. तोंडापर्यंत येतो त्यांच्या, मला दिसतो. मी आठ दिवस वाट बघत होते की कोण आधी काढतंय. घरातून आधी येईल वाटलं होतं. कामावर जरा बेसावध होते.”

तिनेच विचारलं, “नोकरी जाईल ना माझी?”

“तुझं म्हणणं काय आहे? तो मुद्दाम बोलला?”

“तुम्ही होतात ना तिथे. तुम्हाला काय वाटलं?”

उतरताना सायकलचं पेडल पोटरीला लागलं. अजून ठणकतंय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मावशींना विचारलं. काही नाही, सहज. पुस्तकं मोजता मोजता म्हटलं, “मावशी, हा शब्द इथे आला कुठून? छापखान्यात तर कोरा फर्माच म्हणतात.”

मावशींनी हात थांबवले. त्या कधी हात थांबवत नाहीत.

“तुम्हाला माहीत नाही?”

“कसं असणार?”

“जाऊ द्या ना. गेलेल्या माणसाचं काय.”

तिथेच मी थांबायला हवं होतं. तरी विचारलं.

मावशी म्हणाल्या, “पूर्वी कोराच म्हणायचो आम्ही. सवत, म्हातारी हे सगळं आधीपासून होतं, पण कोऱ्याला कोरा. मग मास्तर एकदा रजेवरून आला. चार दिवस दवाखान्यात होता तुमच्याबरोबर, अठरा वर्षं झाली असतील. डोळे सुजलेले. आल्या आल्या कोऱ्या फर्म्यांची एक थप्पी निघाली. हातात धरून बघत राहिला. मग म्हणाला, ‘ही पण वांझच निघाली.’ आम्ही कोणी हसलो नाही. मग तोच हसला. मोठ्याने हसला. मग सगळे हसले. आणि तो शब्द बसला तो बसलाच.”

पुन्हा फर्मे लावायला घेतले आणि म्हणाल्या, “ती थप्पी त्याने टाकू दिली नाही. घरी नेली.”

मी घरी आले. भाजी चिरली. ‘ही पण’ असं का म्हणाले असतील, ते मावशींना विचारलं नाही.

२५ फेब्रुवारी

हे कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिते आहे. वहीत लिहवत नाही.

सतरा वह्या. प्रत्येकीत सोळा फर्मे. मी आजवर जे काही लिहिलं, आईचं जाणं, यांचं आजारपण, डॉक्टरांशी झालेली भांडणं, वाचलेल्या पुस्तकांविषयीचं माझं येडंगबाळं मत, ते सगळं कशावर लिहिलं हे सतरा वर्षं एक माणूस सोडून सगळ्या हॉलला माहीत होतं.

२६ फेब्रुवारी

कॅलेंडरवरच.

यांच्या बाजूने विचार करून पाहिला. चार पुरुषांत उभे होते. रडायची सोय नव्हती. हसले. असं असू शकेल. मग दुसरं मन म्हणतं, एकदा हसले ते ठीक, पुढे सतरा वर्षं रोज तो शब्द हॉलमधून ओरडला जाताना ऐकलाच ना? एकदाही म्हणाले नाहीत, की पुरे. उलट त्यावर नाव कमावलं. हॉल दणाणून सोडायचे.

राग येतो तेव्हा तो सांगायलाही हेच हवे असतात. दुसरं कोण आहे मला?

उद्या काय बोलायचं ते ठरलेलं नाही. साडी इस्त्री करून ठेवली आहे, एवढंच.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कॅलेंडरचं पान भरलं. यांच्या जुन्या पाकिटावर लिहिते.

मॅनेजरांच्या खोलीत पाच माणसं. हेड ऑफिसच्या बाई मधल्या खुर्चीत, बाजूला मॅनेजर, कोपऱ्यात लिहून घेणारा कारकून. सुपरवायझर खिडकीपाशी. धाकटी भिंतीकडच्या स्टुलावर, पदर गच्च धरून.

बाई चांगल्या होत्या. मऊ बोलत होत्या. “घाबरू नका. मीही नोकरी करते, मलाही काय काय ऐकावं लागतं. सगळंच मनाला लावून घेतलं तर आपल्याला काम करता येणार नाही, हो की नाही? आता सांगा, तो शब्द इथे कामात वापरतात?”

“हो.”

“तुम्हीही?”

“रोज. त्या दिवशीची हाक माझीच होती.”

कारकुनाने लिहून घेतलं. मॅनेजरांच्या चेहऱ्यावर बरं वाटल्याचं दिसलं. त्यांनी एक जुनं, फुगलेलं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. गेटवरचं. कारखान्यातून रद्दी बाहेर नेली की त्यात लिहावं लागतं. “शब्द किती जुना आहे याचा हा पुरावा. हे अक्षर कोणाचं, ओळखता?”

ओळखणार नाही? वाण्याच्या यादीपासून दवाखान्याच्या फॉर्मपर्यंत पाहिलेलं अक्षर.

बाई म्हणाल्या, “मोठ्याने वाचाल?”

मी वाचलं. तारीख. माल: वांझ फर्मे. नग: सोळा. कोणासाठी: बायकोसाठी.

कारकुनाचं पेन थांबलं. बाईंनी मॅनेजरांकडे पाहिलं, मॅनेजरांनी रजिस्टराकडे. त्यांनी ते पूर्ण वाचलेलं नसावं. त्यांना फक्त शब्द हवा होता, तो सापडला, म्हणून खूण घालून ठेवली.

पान उलटलं. पुढच्या वर्षीही तेच. माल, नग, बायकोसाठी. त्याच्या पुढच्याही. मी एकेक पान उलटत गेले, कोणी अडवलं नाही. तपासणीचीच सवय, अंगठ्याने पानं सोडायची.

मग बोलले. काय बोलले ते जसंच्या तसं आठवत नाही, साधारण असं होतं.

“अक्षर यांचंच आहे. शब्दही यांनीच आणला. त्याआधी इथे कोरा म्हणत होते, मावशींना विचारा. कोरा या शब्दाने काम अडत नव्हतं. म्हणजे कामासाठी दुसरा शब्द लागणार नव्हता. तो आणला माझ्यावरून. मला मूल होणार नाही हे कळलं त्या आठवड्यात. मी तेव्हा घरी होते, मला ऐकू आला नाही. ही टेबलापाशी बसलेली होती, हिला ऐकू आला. एवढाच फरक आहे. आणि सुपरवायझर फर्म्याला नाही बोलले. फर्म्याला घर नसतं. ते म्हणाले, ‘घरी पण हेच.’ हिच्या तोंडाकडे बघून म्हणाले. मी तिथून दहा हातांवर होते.”

सुपरवायझर म्हणाले, “वहिनी, निदान मास्तरांच्या नावाचा तरी...”

“नाव मी नाही आणलं. हे रजिस्टर तुम्ही आणलंत.”

बाईंनी विचारलं, “तुमचे मिस्टर तुमच्याशी घरी कसे वागायचे?”

“चांगले,” मी म्हटलं. “फार चांगले.” तेही खरं होतं. ते कारकुनाने लिहून घेतलं की नाही, बघितलं नाही.

बाहेर आल्यावर धाकटी जिन्यात माझ्या शेजारी बसली. शिट्टी झाली तशी मी उठून कामाला गेले. संध्याकाळपर्यंत दोन कोरे फर्मे निघाले. मी ओरडले नाही. पुस्तकं उचलून स्वतः टेबलापर्यंत नेऊन दिली. आजची आठशे झाली नाहीत.

२ मार्च, रविवार

फेब्रुवारीचं पान फाडलं, त्याच्या मागे लिहिते. नणंद आली होती. तिला कारखान्यातल्याच कुणीतरी कळवलं. चहा ठेवेपर्यंतही थांबली नाही.

“माझा भाऊ तुला फुलासारखं ठेवत होता. दुसरा असता तर दुसरं लग्न करून मोकळा झाला असता. आणि तू त्याला मेल्यावर चारचौघांत उभं केलंस?”

मी म्हटलं, “मी त्यांना उभं नाही केलं. ते चारचौघांतच उभे होते. मीच तेवढी तिथे नव्हते.”

“एका शब्दासाठी?”

“हो, एका शब्दासाठी.”

ती रडली. मग मीही रडले, वेगळ्या कारणाने, पण एकाच माणसासाठी. जाताना तिने कपबशा विसळून ठेवल्या. तिचं असंच आहे.

७ मार्च, शुक्रवार

निकाल लागला. धाकटीने डबा फेकल्याबद्दल लेखी माफी द्यायची आणि सोमवारपासून यायचं. सुपरवायझर गोदामात. हॉलमध्ये एक कागद चिकटवलाय: चुकांची नावे पुढीलप्रमाणे वापरावीत. दुबार, सुटा, कोरा. पात्यासाठी काही दिलेलं नाही, तेव्हा पातं अजून म्हातारीच आहे. मावशी म्हणाल्या, “माझं मेलीचं कुणाला काय पडलंय.” हसल्या मात्र नाहीत.

मला आता कोणी वहिनी म्हणत नाही. बाई म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते फोल्डिंगवाल्याने सांगितलं, मास्तरांना हिने दुसऱ्यांदा मारलं. चहा शेवटी येतो, गार. माझ्या कायमच्या पत्राचं कोणी काही बोलत नाही आणि मीही विचारलेलं नाही. दमले आहे. जिंकल्यासारखं काही वाटत नाही. लांबच्या गावाहून उभ्याने आल्यासारखं वाटतं.

१० मार्च, सोमवार

धाकटी आली. तिच्या जागेवर बसली, पदर खोचला, हात चालू. कोणी तिच्याशी बोललं नाही, कोणी टोमणाही मारला नाही. अकराच्या सुमाराला माझ्या अंगठ्याखाली पांढरं आलं. एक पान, दोन, सोळा. तिसरा फर्मा. तिच्याच टेबलाचा.

हातात धरून बसले. उठून नेऊन द्यावं, असं पुन्हा वाटलं. पण रोज उठून नेणं होणार नाही, मग काम माझं राहायचं नाही.

“कोरा! तिसरा!”

आवाज पोटातून आला. हॉलच्या पार टोकापर्यंत गेला. कटिंगवाल्यांनी माना वळवल्या. क्षणभर मशीनं तेवढी चालत होती, माणसं नाही. मग धाकटीने आपली थप्पी उलगडली, शोधून कोरा फर्मा वर काढला आणि मला दाखवायला हात उंच केला. “मिळाला!” म्हणाली. चूक सापडली की असंच म्हणायचं असतं. तिच्या आवाजात काही विशेष नव्हतं. मला तेच बरं वाटलं.

सुटताना गेटवर रद्दीतले सोळा मागितले. गेटवाल्या काकांनी रजिस्टर पुढे केलं, नवं आहे, पांढरं स्वच्छ. माल: कोरे फर्मे. नग: सोळा. ‘कोणासाठी’च्या रकान्यापाशी पेन थोडा वेळ थांबलं. मग लिहिलं, ‘स्वतःसाठी’.

काकांनी चष्मा वर करून वाचलं. “असं कोणी लिहीत नाही इथे.”

“चालणार नाही का?”

“चालेल की. रकाना आहे, काहीही लिहा.”

१६ मार्च, रविवार

ही वही मी शिवली. हे करायचे ते इतकी वर्षं बघून हात शिकला असेल असं वाटलं होतं. नाही शिकला. शिवण सैल आहे, पाठ तिरकी बसली आहे, निळं कापड मिळालं नाही म्हणून उशीच्या जुन्या अभ्र्याचं लावलं. पान उलटलं की करकरते. कॅलेंडरची पानं आणि ते पाकीट हिच्यात चिकटवून टाकलं, खळ जरा जास्त झाली.

यांची सतरावी निम्म्याहून जास्त रिकामी आहे. दोनदा रद्दीत ठेवली, दोनदा परत काढली. शेवटी कपाटात बाकीच्या सोळांच्या शेजारी उभी केली. तिच्यात लिहवत नाही, आणि टाकवतही नाही.

जेवताना समोरच्या खुर्चीकडे बघून विचार करत होते. यांची गोष्ट मला शेवटच्या फर्म्याशिवाय मिळाली आहे. हे असते तर म्हणाले असते, आण त्याला घरी, काढू दे पायरीवर चपला. माझ्याच्याने अजून ते होत नाही. आणि निघून जा म्हणायचं, तर हे आधीच गेलेले.

दार लावलेलं नाही, एवढं खरं. वहीत अजून दोनशे पानं आहेत.